अकरा टाके

शेवंताक्का बोलताना हातातली सुई समोरच्याच्या छातीकडे रोखायच्या. भाजीवाला असो, शाळेतल्या बाई असोत, नाहीतर मीटर बघायला आलेला माणूस, सुईचं टोक त्याच्या दुसऱ्या बटणावर. विणकामाच्या सुया, पण स्टीलच्या, दीड वीत लांब, आणि त्यांची टोकं त्या अंगणातल्या पायरीवर घासून ठेवायच्या. लोकरीला एवढं टोक लागत नाही. मी एकदा तसं म्हणाले. आक्का म्हणाल्या, "लोकरीला न्हाईच लागत."

साताऱ्यात एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत आमच्या दोघींच्या घरांना एकच भिंत. त्यांचे मालक पलटणीतून हवालदार होऊन सुटले आणि एका कारखान्याच्या गेटवर लागले. गल्ली त्यांना नाना म्हणायची. आक्का त्यांच्याबरोबर थंडीच्या मुलखात फॅमिली क्वार्टरमध्ये राहिलेल्या. तिथं एका पहाडी शेजारणीनं त्यांना विणायला शिकवलं, म्हणून विणताना त्या हिंदीत मोजायच्या आणि शिव्या मराठीत द्यायच्या. शाळांचे स्वेटर, म्हाताऱ्यांच्या कानटोप्या, बाळंतिणींचे पायमोजे, सगळं करायच्या. मी फार बोलत नाही म्हणून मला त्यांनी 'मुके' हे नाव ठेवलं होतं. "ए मुके, लडी धर." मी दोन्ही हात पुढं करून बसायची, माझ्या मनगटांवर लोकरीची लडी, आणि त्या भराभर गुंडा करायच्या. चौदा वर्षं मी अशी हात पुढं करून बसले.

एकदा आम्ही बसनं राजवाड्यावर चाललो होतो. गर्दी होती. माझ्यामागचा माणूस मुद्दाम रेटत होता. मी कोपऱ्यात सरकत राहिले, तोंडातून शब्द निघेना. अचानक तो माणूस ओरडून खाली बसला. आक्कांची सुई त्याच्या मांडीत बोटभर गेली होती. त्यांनी ती ओढून काढली, पदराला पुसली आणि म्हणाल्या, "माफ करा हं दादा. टाका सुटला वाटतं." कंडक्टरनं सुद्धा काही विचारलं नाही.

आता नानांचं. भिंत एका विटेची होती. नाना पिऊन आले की पट्टा काढायचे, आणि पट्ट्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. हे मला लिहायचं नव्हतं, पण हे गाळलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

आक्कांनी अठरा वर्षं सोसलं. मग एका संध्याकाळी नानांनी अर्धा विणलेला स्वेटर गॅसवर धरला. लोकर जळल्याचा वास आमच्याकडं आला, केस जळल्यासारखा. त्या दिवशी पट्ट्याचा आवाज आला नाही, दुसराच आला. आक्कांनी खलबत्त्यातला बत्ता उचलून नानांचं उजवं मनगट मोडलं होतं. नंतर त्यांनीच रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं, आणि त्या आठवड्यात नानांसाठी एक स्वेटर विणला. डावी बाही मापाची. उजवी प्लास्टरवरून जाईल एवढी, तिच्यात कोंबडी मावली असती. नाना तो घालून गेटवर उभे राहायचे. प्लास्टर निघालं तरी दुसरा स्वेटर मिळाला नाही. पुन्हा एकदाच त्यांनी डावा हात उचलला. आक्का विणत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दुसरी बाही बी मोठी करू का?" हात खाली आला तो आलाच. नाना मेले तेव्हा तोच स्वेटर अंगात होता.

आक्का म्हणायच्या, "लोकरीचं बरं असतंय मुके. चुकलं की उसवायचं. हाडाचं तसं न्हाई."

त्यांना एकच लेक, सुवर्णा. नाना गेल्यावर वर्षानं तिचं लग्न सांगलीला झालं. जावई महेश, विश्रामबागेत एका खासगी ऑफिसात, दोन खोल्यांचा फ्लॅट, बोलायला गोड. आक्कांना "आई" म्हणायचा आणि वाकून नमस्कार करायचा. मे महिन्यात लग्न झालं. दिवाळीला सुवर्णा आली नाही. मग थंडी पडायला लागली तेव्हा तिचा फोन आला. मी लडी धरून बसले होते, आक्कांनी फोन मांडीवर ठेवून मोठ्या आवाजात लावला.

"आई, बरी हायस न्हवं?"

"मी बरीच हाय. तू काय करतीस?"

सुवर्णा म्हणाली, "आज अकरा टाके घातले."

आक्कांचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. लेकीनं कधी सुई हातात धरली नव्हती. आता एकदम टाके घालते म्हणजे कशासाठी, हे काय सांगायला लागतं? हसत हसत म्हणाल्या, "अकरानं काय हुतंय गं येडे? टोपड्याला साठ लागत्यात. घाल अजून."

तिकडून एक श्वास ऐकू आला. "बरं," सुवर्णा म्हणाली, आणि फोन बंद झाला.

आक्कांनी गल्लीत साखर वाटली. पांढरी, बाळाची मऊ लोकर आणली, आणि आठ दिवसांनी मला बरोबर घेऊन सांगलीला गेल्या. जावई ऑफिसला गेला असेल अशा वेळी पोचलो. सुवर्णानं दार उघडलं. पदर डोक्यावरून घेतलेला, आजीबाईसारखा. आक्कांनी आधी तिच्या पोटाकडं बघितलं, मग तोंडाकडं, आणि मग पदर मागं केला.

डाव्या कानाच्या वर केस भादरले होते. तिथं काळ्या दोऱ्याचे टाके होते. जखम अजून ओली होती. महेशनं कुकरचं झाकण मारलं होतं.

आक्का बोट न टेकवता मोजायला लागल्या, हिंदीत, विणताना मोजायच्या तसं. ग्यारह.

"ते शेजारीच बसले हुते," सुवर्णा म्हणाली. "फोन मोठ्या आवाजात ठेवायला लावत्यात. दुसरं काय सांगू? मला वाटलं तुला कळंल. तू म्हणालीस, घाल अजून."

आक्का भिंतीला धरून खाली बसल्या. पांढऱ्या लोकरीची पिशवी मांडीवर होती. "चल," म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता चल."

"कुठं? तू अठरा वर्षांनी बत्ता उचललास आई. माझे आठ महिने बी न्हाई झाले." ती रागानं म्हणाली नाही. हिशोब सांगावा तसं म्हणाली. "आणि मी गेले तर तिथं येऊन तुला मारीन म्हणत्यात. शेजारी सगळी चांगली हायत. कुणी कायबी विचारत न्हाई."

येताना एसटीत, कराड सुटल्यावर आक्का म्हणाल्या, "आईनं आधी जायाचं असतंय. जगात एवढा एकच नियम हाय. तेवढा मोडू द्यायचा न्हाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला की आत बाई मरती." माझ्याकडं बघून म्हणाल्या नाहीत. खिडकीबाहेर उसाकडं बघून म्हणाल्या.

त्या दिवसापासून 'टाके घाल' हे शब्द त्यांनी टाकले. कुणाला शिकवताना 'सुरू कर' म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीची गणिताची चौकटीची वही मागून घेतली. एक चौकट म्हणजे एक टाका, असं धरून त्या पेन्सिलीनं चौकटी भरत बसल्या. मी लडी धरून बघत होते. आधी एक माणूस झाला. मग दुसरा. चार झाले. चौघांच्या खांद्यांवर दोन लांब बांबू आले. बांबूंवर काहीतरी आडवं आलं.

"आक्का, ही तिरडी हाय," मी म्हणाले.

"डोळं चांगलं हायत की तुझं."

काळी लोकर आणली होती. लग्नानंतरची पहिली संक्रांत, जावयाला काळं कापड द्यायचंच असतं, त्या एका सणाला काळं शुभ. पुढचा भाग कोरा, गळ्याला फक्त हलव्यासारखे पांढरे ठिपके. तिरडी पाठीवर. ती त्यांनी बाळाच्या पांढऱ्या लोकरीनं विणली. चौघे खांदेकरी, पुढं मडकं धरून चालणारा एक माणूस, आणि प्रेतावर गुलालाचे दोन तांबडे टाके. प्रत्येकाचा पाय उचललेला होता. असलं सुबक काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, आणि मी तर कुठं बघितलंही नव्हतं. महिना दीड महिना त्या त्यावर बसल्या. ओळ चुकली की उसवायच्या, आणि उसवताना दात आवळायच्या.

विणून झाल्यावर मला म्हणाल्या, "हितं हात फिरव." तिरडीच्या वर सगळं काळंच होतं. हात फिरवला तर बोटांना खरबरीत काहीतरी लागलं. पंख, चोच. सुलट टाक्यांत उलट टाके घेऊन त्यांनी काळ्यावर काळा कावळा विणला होता.

"दिसत न्हाई," मी म्हणाले.

"दिसत न्हाईच. हात फिरवला की लागतोय."

"आक्का, त्यांनी बघितलं तर?"

"त्यानं न्हाई गं, गल्लीनं बघितलं पायजे. पाठीवर हाय, त्याला दिसणार न्हाई. जो तो इचारंल, असला स्वेटर कुणी दिला? सासूनं. का दिला? एकदा इचारायला लागली की तोंडं उघडत्यात."

संक्रांतीच्या सकाळी आम्ही निघालो. बसमध्ये आक्कांनी स्वेटर पिशवीतून काढला, मोठ्या नेढ्याची सुई घेतली, आणि उरलेल्या पांढऱ्या लोकरीनं मडकं धरणाऱ्याच्या पाठीवर सहा सात टाके वरून भरले. वहीत ते नव्हते. मी विचारलं नाही.

सुट्टी घेऊन जावई घरी होता. आक्कांनी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाल्या, आणि स्वेटरची पुढची बाजू त्याच्यासमोर धरली. "हात वर करा जावईबापू." लहान मुलाला घालतात तसा त्यांनी तो त्याच्या डोक्यातून घातला, पुढून ओढून नीट केला. त्याला ऊब आवडली. आरशात पुढूनच बघितलं. "आई, दुकानात असा मिळायचा नाही," म्हणाला. तिळगुळाचा डबा घेऊन इमारतीत वाटायला निघाला. दाराकडं वळला तेव्हा सुवर्णानं त्याची पाठ बघितली. तिनं हातातली वाटी खाली ठेवली. आईकडं बघत राहिली.

आक्का खुर्चीत बसून विणायला लागल्या. काय विणत होत्या कुणास ठाऊक. जिन्यात बोलणं ऐकू येत होतं. खालच्या मजल्यावर कुणी हसलं, मग हसणं थांबलं. मग एका बाईचा आवाज, "अहो, हे पाठीवर काय काढलंय?" मग जिन्यावरून धावत येणारे पाय.

तो आत आला तेव्हा स्वेटर उलटा होऊन हातात होता, केस विस्कटलेले. त्यानं तो आक्कांच्या तोंडावर फेकला. "म्हातारे, माझं प्रेत घेऊन आलीस होय माझ्याच घरात?" एक लाथ खुर्चीला बसली, आक्का खुर्चीसकट पडल्या. त्यांच्या ओठातून रक्त आलं. तो स्वेटर फाडायला गेला, पण हातविणीची लोकर फाटत नाही, नुसती ताणते. त्यानं दातांत धरून ओढला. नाही फाटला. मग तो सुवर्णाकडं वळला आणि तिचे केस धरले, बरोबर तिथंच, कानाच्या वर. तिचं डोकं एकदा दाराशेजारच्या भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटणार होता.

आक्का कधी उठल्या मला कळलं नाही. त्यांची सुई केस धरलेल्या त्याच्या हातातून आरपार गेली आणि दाराच्या लाकडी चौकटीत रुतली. तो तिथंच अडकला. हातातून रक्त मनगटावर, मनगटावरून कोपरावर. त्यानं दुसऱ्या हातानं आक्कांचा गळा धरला. आक्का त्याच्या डोळ्यांत बघत होत्या, सुई सोडत नव्हत्या, आणि गळा दाबलेला असताना बोलल्या, "सोड तिला. सोड. मला मार, पर तिला सोड."

दारात माणसं जमली होती. कुणी आत येईना. मी तिथंच उभी होते, हात नेहमीसारखे पुढं. आणि मग मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. सुवर्णा नंतर म्हणाली, तुमी 'टीव्ही बंद करा' म्हणून ओरडत हुतासा. तिथं कुठलाच टीव्ही चालू नव्हता. पण खालच्या मजल्यावरची ती बाई आत शिरली आणि तिनं त्याचा हात आक्कांच्या गळ्यावरून सोडवला. तिच्यामागून तिचा नवरा आला, मग अजून दोघं.

चौकीत जावयाच्या हाताला पट्टी होती, दवाखान्यातून आणला होता. आक्कांनी लेडी कॉन्स्टेबलला विचारलं, "किती टाके पडलं?"

"तीन."

"आठ राहिले," आक्का म्हणाल्या.

साहेबांनी टेबलावर स्वेटर पसरला. "आजी, जावयाची तिरडी विणून आणलीत. ही धमकी झाली. कळतंय का?"

"आवं साहेब, नीट बघा की." आक्कांनी फुटलेल्या ओठानं सांगितलं. "मडकं कुणी धरलंय? तिच्या पाठीवर वेणी हाय. ती माझी लेक. मला दुसरं कोण हाय? तिरडी माझी हाय. माझं मरण मी माझ्या जावयाला पांघरायला दिलं, त्यात धमकी कसली?"

साहेब वाकून बघायला लागले. वेणी होती. बसमध्ये भरलेले ते सहा सात टाके. चौकीत अडकायला नको म्हणून त्यांनी ती आधीच भरून ठेवली होती की खरंच तसंच मनात होतं, ते मला कधी कळलं नाही. दोन्ही असेल.

मग सुवर्णानं पदर मागं केला आणि डोकं टेबलावर वाकवलं, साहेबांच्या समोर, स्वेटरच्या शेजारी. नुकत्या आलेल्या बारीक केसांतून टाक्यांचा व्रण दिसत होता, आणि त्यावर आज पुन्हा रक्त आलं होतं. "मोजा," ती म्हणाली. खालच्या मजल्यावरची बाई दारातून म्हणाली, "साहेब, आम्हाला ऐकू यायचं. मी लिहून देते." तिनं तिथंच लिहून दिलं.

सुवर्णा त्याच दिवशी आमच्याबरोबर साताऱ्याला आली.

दोन्ही बाजूंनी केसेस झाल्या, अजून चालू आहेत. आक्का तारखेला सांगलीला जायच्या तर कोर्टाच्या दारात त्यांच्या सुया काढून घ्यायचे. त्या नुसत्या बोटांनी विणल्यासारखं करत बाकावर बसायच्या. त्यांनी मारलेली सुई आणि तो स्वेटर मुद्देमाल म्हणून जमा आहे. एकदा वकिलाला म्हणाल्या, "तेवढा स्वेटर सोडवा. जाताना मला घालायचाय. मापानं मोठा हाय, पर आता कुणाला दाखवायचंय?" वकील म्हणाले, निकालाशिवाय नाही. आक्का म्हणाल्या, "त्यात कसर लागली तर टाके सुटत्याल. डांबरगोळ्या तरी टाका म्हणावं."

मागच्या थंडीत त्या गेल्या. स्वेटर सुटला नाही, साध्या सुती साडीवर गेल्या. आक्कांचा चुलतभाऊ मडकं धरायला पुढं झाला तेव्हा सुवर्णा म्हणाली, "मामा, आईनं विणून ठेवलंय," आणि मडकं आपल्या हातात घेतलं. बायकांत कुजबुज झाली. मी मागं चालत होते. पुढं चौघे, त्यांच्याही पुढं ती, आणि तिच्या पाठीवर वेणी. कावळा कुठं होता मला माहीत नाही. मी वर बघितलं नाही.

पण मला आक्का तिरडीवरच्या आठवत नाहीत. त्याआधी तीन दिवस, दवाखान्यात, दुपारच्या भेटीच्या वेळेला मी गेले होते. हृदय फुगलंय, डॉक्टर म्हणाले होते. आक्का डोळे मिटून पडलेल्या, नाकात नळी. शेजारी स्टुलावर सुवर्णा बसली होती, आणि तिच्या हातात सुया होत्या. गल्लीतल्या एका बाळाचं टोपडं करते म्हणाली. कुणाकडून शिकली विचारलं तर म्हणाली, बघून बघून. ओठांत मोजत होती. पांढरी लोकर होती.

मोजून झालं. तिनं सुई जरा उचलली आणि हळू म्हणाली, "आई, साठ घातले."

मी आक्कांकडं बघितलं. त्यांनी डोळे उघडले. हात कष्टानं लांब केला आणि सुवर्णाच्या केसांत, डाव्या कानाच्या वर, बोट फिरवलं. केस आता दाट आले होते, वरून काही दिसत नव्हतं. बोट एका जागी थांबलं.

"बास," आक्का म्हणाल्या. "आता विण."

चौकटीच्या त्या वहीची उरलेली पानं माझ्याकडे आहेत. त्यातच हे लिहिलं.